मधल्या सिलिंडरमधला नट

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५. सकाळी ७.१०
गाडीची वही आजपासून सुरू. रामसिंगच्या गॅरेजमध्ये कसलंच रेकॉर्ड नसतं, सगळं तोंडी. इथे तारखेनिशी राहील.

परिस्थिती अशी. रविवारी १६ तारखेला पायलला घाटंजीहून आणायचं आहे. सातवा महिना, पहिलं बाळंतपण माहेरी. जावयांकडे मोटरसायकल आहे, म्हणजे तो प्रश्नच नाही. मी व्याह्यांच्या ओसरीत चारचौघांत सांगून आलोय, माझी लेक माझ्या गाडीत बसून दारव्ह्याला येईल.

गाडी जुनी, पांढरी, तीन सिलिंडरची. चढावर धक्के देते. काल रामसिंगला दाखवली. त्याने बॉनेट उघडून अर्धं मिनिट कान दिला आणि म्हणाला, प्लग गेले, उद्या आणा, चहा होईपर्यंत टाकून देतो. इथपर्यंत ठीक. मग म्हणाला, "काका, तुमी मात्र हात नोका लावजा."

मी एसटीत एकतीस वर्षं वाहतूक नियंत्रक होतो. केबिनमध्ये बसून नुसत्या आवाजावर सांगायचो, पुसदची आली की दिग्रसची. प्रभावती म्हणते, ते टाइमटेबल बघूनही सांगता येत होतं. बायकोला इंजिनाचं काय कळतं.

संध्याकाळी
तीन नवे प्लग आणले. व्हिडिओ दोनदा पाहिला. त्यातला मुलगा दहा मिनिटांत करतो. मी वीस धरतो.

मंगळवार, ४ नोव्हेंबर. ११.४०
पहिला प्लग बसला. तिसराही. हात अतिशय स्थिर. मधला अडचणीत आहे म्हणून शेवटी ठेवला.

१२.१५
किरकोळ घटना. नव्या प्लगच्या डोक्यावर एक छोटा नट असतो, हरभऱ्याच्या दाण्याएवढा. तो ढिला होता. प्लग भोकावर धरला आणि नट सुटला. टुक् असा आवाज झाला. आत.

घाबरण्यासारखं नाही. जी वस्तू आत जाते ती त्याच भोकातून बाहेर येते.

१.३०
अजून आली नाही. प्रभावतीने विचारलं, अहो, असे बसून काय राह्यले? म्हटलं इंजिन थंड होऊ देतोय. ती म्हणाली, "सकाळपासून बंद हाय न ते. आणखी कायले थंड करता?" नटाचं सांगितलं नाही. तिला सध्या टेन्शन नको.

बुधवार, ५ नोव्हेंबर
रात्री विचार करून उपाय काढला. लोहचुंबक. फ्रिजवर मासोळीच्या आकाराचं एक चिकटलेलं असतं, त्याच्या पाठचा गोल चुंबक सोडवला. विणायच्या सुईच्या टोकाला गमने चिकटवला. अर्धा तास वाळू दिला. व्हिडिओत पाच मिनिटं सांगतात, मी घाई करत नाही.

सुई आत घातली. चुंबक लगेच कशाला तरी घट्ट लागला. आनंद झाला. ओढलं. सुई आली, चुंबक आला नाही. तो सिलिंडरच्या भिंतीला चिकटला. भिंत लोखंडाची असते. हे त्या मुलाने सांगायला हवं होतं.

नट मात्र लोखंडाचा नसावा. बसवलेल्या प्लगचा नट दुसऱ्या एका चुंबकाला लावून पाहिला, लागत नाही.

सध्या आत दोन वस्तू.

गुरुवार, ६ नोव्हेंबर
प्रभावतीने पायलसाठी लाडू करायला डिंक आणून ठेवलाय. त्यातला मूठभर पाण्यात भिजवून सायकलच्या स्पोकला लावला. कल्पना शंभर टक्के बरोबर होती. स्पोकला काळं तेल लागून आलं आणि डिंक आत राहिला.

दुपारी तिने डिंक मोजला. काही बोलली नाही. मला वाटतं लक्षात आलं नाही.

शनिवार, ८ नोव्हेंबर
शेजारचे सदाशिवराव मास्तर यांच्याकडून व्हॅक्यूम क्लीनर मागून आणला. सोफा साफ करायचा आहे असं सांगितलं. त्यांनी आमच्या अंगणाकडे पाहिलं, उघड्या बॉनेटकडे पाहिलं आणि मशीन दिली. सज्जन माणूस.

फवारणी पंपाची बारीक नळी मशीनला कापडाने गुंडाळून जोडली. दहा मिनिटं चालवली. मशीनमध्ये तेल गेलं. तिला आता पेट्रोलचा वास येतो. चुंबक आणि नट जागच्या जागी. मशीन पुसून परत केली. मास्तर म्हणाले, "सोफा बराच तेलकट दिसते."

निष्कर्ष: हे सगळे वरवरचे उपाय होते. मुळाशी जायला हवं.

रविवार, ९ नोव्हेंबर
निर्णय. उद्या इंजिनाचं हेड उघडायचं. हेड म्हणजे वरचं झाकण. कुकरचं काढतो, हेही काढता येईल. फक्त बोल्ट जास्त.

प्रभावती म्हणाली, रामसिंगला फोन लावते. मी जरा आवाज चढवला. आठ दिवस आहेत अजून. ती म्हणाली, "सातच हायेत, आजचा मोजू नका." टाइमटेबल मलाच शिकवते!

सोमवार, १० नोव्हेंबर. संध्याकाळी ५.५०
सापडला!!

सकाळी आठला सुरुवात. अंगणात जुनी चादर टाकली, निघेल तो बोल्ट ओळीने मांडत गेलो. दर टप्प्याचा मोबाईलवर फोटो. दातांचा एक रबरी पट्टा मध्ये येत होता, तो काढून ठेवला. रेडिएटरचं पाणी वाहून चादरीखाली गेलं, ते अपेक्षित होतं. एक बोल्ट मानेत तुटला, तो तसाही गंजलेला होता. चारच्या सुमारास हेड उचललं. अंगात एवढी ताकद आहे हे माहीत नव्हतं.

आणि मधल्या पिस्टनवर, डिंकाच्या लगद्यात, नट. भिंतीला चुंबक. दोन्ही चिमट्याने काढले. 

प्रभावतीला हाक मारून दाखवलं. तिने नट तळहातावर घेतला. विचारलं, "याच्यासाठी?" म्हटलं याच्यासाठी. मग चादरीकडे बघून विचारलं, हे सारं परत बसते न? बसायला काय झालं. उलट्या क्रमाने जायचं.

मंगळवार, ११ नोव्हेंबर
उलटा क्रम.

सकाळी उठलो तर चादर दोरीवर. पाणी लागून ओली झाली होती म्हणून प्रभावतीने बोल्ट उचलून तगारीत ठेवले आणि ती धुतली. तिने एकही बोल्ट हरवला नाही हे मान्य. पण ओळ गेली.

फोटो पाहिले. सतरा फोटोंपैकी नऊ माझ्या अंगठ्याचे.

हेडच्या खाली एक पातळ पान असतं, गॅस्केट म्हणतात. ते काढताना फाटलं होतं. नवीन दारव्ह्यात मिळालं नाही, उद्या यवतमाळहून येईल म्हणाले. थांबायला वेळ नाही. फाटलेलं जुळवून बसवलं, वर सील करायचा लेप भरपूर लावला. दातांचा पट्टा अंदाजे चढवला. पट्ट्याला दात सगळीकडे सारखेच असतात, कुठूनही बसतो.

रात्री सगळं बंद केलं तेव्हा तगारीत तीन बोल्ट उरले. कंपनीवाले काही जास्तीचे टाकतात असं ऐकून आहे.

बुधवार, १२ नोव्हेंबर. सकाळी १०.०५
चावी फिरवली. स्टार्टर एकदा घुरघुरला. मग कट्ट. पुढे काहीच नाही. पुन्हा फिरवली. कट्ट.

एकतीस वर्षांत असा आवाज ऐकला नव्हता.

१०.४०
तेलाची पट्टी काढून पाहिली. तेल दुधाच्या चहासारखं झालंय, म्हणजे त्यात पाणी गेलं.

दिवसभर गाडीजवळ खुर्ची टाकून बसलो. जाणारे येणारे विचारतात, काय करून राह्यले? काही नाही म्हणतो. आणि खरंच काही नाही.

गुरुवार, १३ नोव्हेंबर
रामसिंगकडे गेलो. स्वतःहून. हे इथे मुद्दाम नोंदवून ठेवतो. वाटेत काय बोलायचं ते ठरवलं, की पायलच्या कामामुळे वेळ नाही, नाहीतर मीच केलं असतं.

शटर बंद.

फोन लावला. मागे बँड वाजत होता. ढाणकीला साळ्याच्या लग्नात आहे, सोमवारी येतो म्हणाला. मग विचारलं, काका, प्लग टाकले काय? म्हटलं टाकले, त्याच्यापुढे थोडं गेलो. किती पुढे? हेडपर्यंत.  बँड तेवढा ऐकू येत होता. शेवटी म्हणाला, "तुमीच खोललं? एकट्यानं?" त्याच्या आवाजात आदर होता असं मला वाटलं. मग म्हणाला, "आता फक्त झाकून ठेवा. काहीच करू नोका. पुसूही नोका."

यवतमाळच्या दोन गॅरेजवाल्यांना फोन केला. दोघंही हसले नाहीत, पण आलेही नाहीत.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर
संध्याकाळी पायलचा फोन. बाबा, गाडी झाली काय? होतच आली म्हटलं. ती म्हणाली, बरं, दगदग नका करू. मग सांगत बसली की पाय सुजतात, रात्री कूस बदलता येत नाही, डॉक्टरांनी धक्के टाळायला सांगितले आहेत. मी हो हो म्हणत होतो. खिडकीतून गाडी दिसत होती. तिच्यावर ती धुतलेली चादर.

फोन ठेवल्यावर जेवण गेलं नाही. प्रभावतीला सांगायला हवं. उद्या.

शनिवार, १५ नोव्हेंबर
सांगितलं. चहा झाल्यावर, समोर बसवून. म्हटलं, मन घट्ट कर. गाडी उद्या निघणार नाही. व्याह्यांना मी स्वतः फोन करतो, तारीख पुढे ढकलू, दोष सगळा माझा.

ती तुरीच्या शेंगा सोलत होती. म्हणाली, "तारीख कायले ढकलता? मास्तरांची गाडी सांगून ठेवली हाय न मी. सकाळी सातले निघतो."

विचारलं, केव्हा सांगितली?

"मंगळवारी."

या आठवड्यातल्या? नाही म्हणाली, त्याच्या आधीच्या. तुम्ही म्हटलं इंजिन थंड करून राह्यलो, तवाच.

म्हणजे चार तारखेला. नट पडला त्या दिवशी. चुंबक, डिंक, मशीन, हेड सगळं त्याच्या नंतरचं. पायललाही तेव्हापासून माहीत. कालचा फोन? तो तुमाले बरं वाटावं म्हणून केला तिनं.

मग मला कुणीच का नाही सांगितलं? ती म्हणाली, "तुमी इतक्या मनानं करून राह्यलते. मोडवत नव्हतं."

वही बंद करून ठेवली होती. पुन्हा उघडली. चार तारखेचं पान परत वाचलं.

रविवार, १६ नोव्हेंबर
सातला निघाले. मास्तर चालवायला, प्रभावती मागे. मीही तयार होतो, इस्त्रीचा शर्ट घालून. पण येताना पायलला मागे पाय पसरायला जागा लागेल, पुढच्या सीटवर तिची आई, डिकीत सामान. हिशोब बरोबर होता. मीच म्हटलं, तुम्ही जा.

दुपारी दोनला आले. पायल उतरली ती दाराला धरून, हळूहळू. चेहरा भरलाय. बॅग घ्यायला पुढे झालो तर प्रभावती म्हणाली, हात पाहा आधी. चार वेळा साबण लावला तरी नखांतलं काळं निघत नाही.

पायल पलंगावर टेकली आणि मला जवळ बोलावलं. बाबा, हात ठेवा, लाथा मारून राह्यलं पाहा. तिचा ड्रेस नवीन, अबोली रंगाचा. म्हटलं, आता नको, डाग पडेल. तिने फार आग्रह केला नाही. थकली होती.

मागच्या अंगणात जाऊन रॉकेलने हात घासले. परत आलो तोवर ती झोपली होती.

मंगळवार, १८ नोव्हेंबर
रामसिंग एक दिवस उशिरा आला. चादर उचलली, पाहिलं, परत टाकली.  पाणी मागून प्यायला.

संध्याकाळी ट्रॅक्टर आणला. गाडीला दोर बांधला. म्हणाला, स्टेअरिंगवर एक माणूस पाहिजे. मी बसलो. त्याने खिडकीतून वाकून समजावलं, "काका, इंजिन बंद असल्यावर ब्रेक लय कडक लागते. दोर ढिला झाला की दाबा. बाकी कायलेच हात नोका लावजा." या वेळी मी हो म्हटलं.

फाटकातून निघालो. प्रभावती आणि पायल दोघी ओसरीवर उभ्या. पायलने फोटो काढला. गल्लीतून, मग बाजारातून, चक्कीजवळून, स्टँडच्या समोरून. स्टँडवर बरेच ओळखीचे होते. दोघांनी जयभीम घातला, मीही हात वर केला.

दोर एकदाही ढिला पडू दिला नाही. गॅरेजकडे वळताना इंडिकेटर दिला.