नेहमीसारखा श्वास

मंगळवार, ४ फेब्रुवारी

श्वासाच्या स्कॅनमध्ये पास झाले हे! अक्षता म्हणाली, "इतका एकसारखा श्वास मी आजवर बघितला नव्हता, काका." अक्षता म्हणजे दवाखान्यात कॉम्प्युटरवर बसणारी पोरगी, अक्कलकोटकडची. ह्यांच्याशी कन्नडमध्ये बोलते म्हणून हे खूश.

ह्यांच्या पोटावर एक डबी ठेवली होती. श्वासाबरोबर ती वरखाली होते, कॅमेरा ते टिपतो, आणि त्याला स्कॅनचे फोटो जोडून कॉम्प्युटर हलतं फुप्फुस तयार करतो. उजव्या फुप्फुसात खाली गाठ आहे. श्वासागणिक सरकते. ती जागेवर आली की तेवढ्याच क्षणी मशीन किरणांचा शेक देणार — बाकीचं फुप्फुस भाजायला नको म्हणून.

मागच्या आठवड्यात तिनं बजावलं होतं, "नेहमीसारखाच श्वास घ्यायचा." मला वाटलं, असं म्हणायची पद्धत असते. पाहुणे 'जेवायला काही करू नका' म्हणतात तसं. आठ दिवस सकाळ-संध्याकाळ ह्यांना देवापुढं आडवं करून सराव घेतला. नमः शिवाय — पाच अक्षरं आत, पाच बाहेर. चुकलं की पहिल्यापासून! "अगं, शाळा घेतीस का माझी?" म्हणाले. पण केलं बिचाऱ्यांनी.

निघताना अक्षतानं विचारलं, "घरी सराव नाही ना केला?"

"छे!" म्हणाले मी. कपाळावर विभूती होती माझ्या.

सोमवार, १० फेब्रुवारी

उपवास. पास झाल्यापासून ह्यांचा सराव बंद. त्या दिवशी उगीच खोटं बोलले. पण एवढ्यातेवढ्यानं काय होतंय? गुरुवारी पहिला शेक.

हे न्हाणीत अर्धा तास नळ सोडून बसले होते. ओरडले मी. पाणी पाच दिवसाआड येतंय, आणि ह्यांची चैन!

गुरुवार, १३ फेब्रुवारी

शेक झालाच नाही.

तासभर आडवं ठेवलं ह्यांना. मशीन काही सुरू होईना. "जुळत नाही, जुळत नाही," एवढंच कानावर येत होतं. कॉम्प्युटरमधलं फुप्फुस लांब लांब श्वास घेतंय आणि हे तसा घेत नाहीत! मग मोठे डॉक्टर आले. बाहेर, सगळ्यांसमोर अक्षताला बोलले — "स्कॅन करताना लक्ष कुठं होतं तुमचं? ह्या माणसाचे दिवस जातायत." पोरीचे कान लाल झाले. "सॉरी सर," म्हणाली. मी तीन हातांवर बाकावर बसलेली. पिशवीत हात घालून काहीतरी शोधत राहिले. शोधायला काही नव्हतं.

शेजारी कमलम्मा होत्या, त्यांच्या लेकीचा शेक चालू आहे. म्हणाल्या, "आजकालच्या पोरींचं ध्यान सगळं मोबाईलात बघा."

"असेल," म्हणाले मी.

असेल! माझ्या तोंडून!

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

पूजा केली. देवाकडं बघवेना.

सोमवार, १७ फेब्रुवारी

सांगितलं एकदाचं. जिन्यात गाठलं अक्षताला. आठ दिवस, पाच अक्षरं, 'छे' म्हणाले ते, सगळं. तिनं क्षणभर डोळे मिटले. मला वाटलं आता बोलेल. बोलायलाच पाहिजे होती.

"काकू, त्याच दिवशी सांगितलं असतं तर..." पुढचं गिळलं तिनं. "असू दे. आज तरी सांगितलंत. नाहीतर गाठ एकीकडं आणि आमचा नेम भलतीकडं."

"डॉक्टरांना सांगते मी. तुझी चूक नव्हती म्हणून."

"ते मात्र सांगाच," म्हणाली. जराशी हसली.

डॉक्टरांपुढं उभी राहून सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "पुन्हा स्कॅन लावा," एवढंच म्हणाले, तेही माझ्याकडं न बघता.

घरी येऊन ह्यांना सांगितलं — माझ्यापायी तुमचे एवढे दिवस गेले. "जाऊ दे की. त्यात काय!" म्हणाले. लगेच ताट ओढून जेवायला बसले. माझा कधी रागच येत नाही ह्यांना. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

गुरुवार, २० फेब्रुवारी

पुन्हा स्कॅन. हे आत, आम्ही काचेमागं. अक्षतानं श्वासाची रेघ दाखवली. तोकडी, अडखळणारी, मधेच थांबणारी.

"हा कुणाचा?"

"काकांचाच. हाच त्यांचा नेहमीचा."

चौतीस वर्षं शेजारी झोपते. असा श्वास मी कधी ऐकला नाही. न्हाणीतला नळ कशाला सोडला होता ते आत्ता कळलं.

"जरा घाबरलेत. माईकवर बोला, धीर येईल," ती म्हणाली. मी म्हणाले, "अहो, मी इथंच आहे."

रेघ लांब झाली. एकसारखी. पाच आत, पाच बाहेर.

अक्षतानं माईक बंद केला. तिनं काही म्हणायच्या आत मी जिना उतरून खाली जाऊन बसले.