फोनपुरतं कुंकू

काष्टी, ता. श्रीगोंदा
रविवार, १६ फेब्रुवारी २०२५

चि. अजिनाथ भाऊजींना वहिनीचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. कालच्या बाजारात लिंबाला बरा उठाव होता. तुमची बाग सध्या माझ्या गळ्यात पडली आहे आणि काट्यांनी दोन्ही हात ओरबाडून ठेवलेत, त्यावरून तुमच्याशी भांडायचं आहे. तांबडी गाय व्यायली, कालवड झाली. आई तुमच्याजवळ दवाखान्यात, त्यामुळे घरात बोलायला मला तीच एक आहे. गाय, कालवड नाही. कालवड फार मधेमधे करते.

तुम्ही आता भाकरी मागून घेता, असं आई म्हणाल्या. ऐकून बरं वाटलं. नगरला नेलं तेव्हा तुम्ही पाण्याचा घोटसुद्धा गिळत नव्हता. तुम्हाला ते आठवत नाही, म्हणून सांगितलं.

हे पत्र डॉक्टर मॅडम शेजारी बसल्या असतील तेव्हाच वाचायचं. त्यांनीच लिहायला लावलंय. फोनवर सांगितलेलं उपचारानंतर पुसट होईल, कागदावरचं पुन्हा वाचता येतं म्हणाल्या. मी दोन-तीन दिवस पेन घेऊन बसतेय आणि गाईच्या पुढे जात नाही.

वर सर्व ठीक लिहिलंय, ते सवयीनं.

तुम्ही फोनवर सारखं विचारता, दादा का बोलत नाही. आम्ही सांगतो, नागापूरला कंपनीत लागला, ड्युटीवर मोबाईल चालत नाही. परवा तुम्ही आईंना म्हणालात, "दादाला मी नको झालोय. मग जगून तरी काय करू?" आईंनी मला ते फोनवर सांगितलं तेव्हा भाकरी तव्यावरच करपली. तुम्ही जगावं म्हणून हे खोटं रचलं होतं, आणि त्या खोट्यानंच तुम्हाला परत त्याच जागी आणून सोडलं.

भाऊजी, तुमचे दादा नागापूरला नाहीत. ते गेले. मार्गशीर्षात, आपल्याच विहिरीवर, मोटारीचा करंट लागून.

लाईट गेलेली होती. केबल कुठं तरी खराब झाली होती, ती बघायला हे खाली उतरले. स्टार्टरला ऑटो लावलेला होता. लाईट आली आणि मोटार आपोआप सुरू झाली. ऑटो तुम्ही लावला होता. हे मी झाकणार नाही, कारण उद्या दुसऱ्या कुणाकडून कळलं तर तुम्ही माझ्यावर पुन्हा विश्वास ठेवणार नाही. पण तो तुम्ही रोजच लावायचा, आख्खं गाव लावतं. आणि उतरण्याआधी फ्यूज काढून खिशात टाकायची ह्यांची सवय होती, ती त्याच दिवशी मोडली. फ्यूज जागेवरच होते. हे मी तेव्हाही तुम्हाला सांगितलं होतं, पण तुमच्या कानात काही शिरत नव्हतं. तुम्ही जेवण सोडलं, बोलणं सोडलं, आणि एका सकाळी जीव द्यायला निघालात. शेजारच्या गहिनीनाथनं पाहिलं म्हणून आज हे पत्र लिहायला मिळतंय.

तुमच्या डोक्याला शॉक द्यावे लागतील म्हटल्यावर आईंनी दवाखान्यात हंबरडा फोडला. "येक ल्योक करंटनं गेला, दुसऱ्याला बी करंटच द्यायचा व्हय?" त्यांचं तरी काय चुकलं? मॅडमनी शांतपणे समजावलं, की झोपेचं इंजेक्शन देऊन देतात, त्याला काही कळत नाही. गोळ्यांचा गुण यायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ तुमच्याकडे नव्हता. हट्ट मीच धरला. एका घरातून दोन तिरड्या निघताना मला बघायच्या नव्हत्या.

गुण आला. तुम्ही उठून बसलात, चहा मागितलात आणि विचारलंत, "दादा कुठंय?" मधले दोनेक महिने तुमच्या डोक्यातून साफ गेलेले. बन्सीकाकांनी तिथंच आम्हाला बजावलं, "इसरलाय न्हवं? द्येवच पावला म्हना. आता कुनी त्वांड उघडायचं न्हाई."

मग दहाव्याला ज्या बायकांनी माझं कुंकू पुसलं आणि मंगळसूत्र उतरवलं, त्यांनीच मला ते परत लावायला लावलं. फोनपुरतं. तुमचा व्हिडिओ कॉल आला की लावायचं, बोलणं झालं की पुसायचं. एकदा पुसायचं राहिलं आणि तशीच बागेत गेले, तर बाया तोंडाला पदर लावून बघत राहिल्या. मला राग येतो, भाऊजी. तुमचा नाही, या सगळ्याचा. माझा नवरा मेलाय आणि मला हसून सांगावं लागतंय की त्याची सेकंड शिफ्ट आहे.

आता तुम्ही जेवता, जिवाचा धोका थोडा कमी झालाय, म्हणून मॅडम यापुढचे शॉक डोक्याच्या फक्त उजव्या बाजूनं देणार आहेत आणि दोन शॉकमध्ये जास्त दिवस ठेवणार आहेत. त्यानं विसरणं कमी होतं. तर काका त्यांना म्हणतात कसे, "म्याडम, पैल्यासारखेच द्या की. इसरंल तेवढं बरंच हाय." मॅडम इतक्या चिडलेल्या मी पहिल्यांदा बघितल्या. "अहो, विसरणं हा त्याला होणारा त्रास आहे, तो मी कमी करायला बघतेय. आणि तुम्हाला वाटतं तो विसरलाय?"

तेव्हा सिस्टरनं सांगितलं. पंख्याचं बटण तुम्ही स्वतः दाबत नाही. उकडत बसता, पण हात लावत नाही, कुणाला तरी हाक मारता. का, ते तुम्हालाही सांगता येत नाही. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. मी त्याच दिवशी ठरवलं की लिहायचं.

तुमच्या आठवणी शाबूत राहाव्यात यात माझाही स्वार्थ आहे. लग्नाआधीचे हे मला कुठं माहीत आहेत? शाळेला दांडी मारून भीमेत पोहायला जायचे, मार खायचे, एवढं तुमच्याच तोंडून ऐकलंय. बाकीचं सगळं तुमच्याजवळ आहे. तुम्ही गेलात तर तेही जाईल. म्हणून तुम्ही जगायचं, आणि सगळं आठवून जगायचं.

मंगळवारी मी नगरला येते. कुंकू लावून येणार नाही. मला बघून दचकू नका.

आणि पुढच्या शॉकनंतर हे विसरलात, पत्र पुन्हा नव्यानं वाचायची वेळ आली, तर तेव्हाही एवढंच दुखेल. एकट्यानं सोसायचं नाही, मला बोलवायचं. मी येईन. आपण पुन्हा पहिल्यापासून रडू.

तुमची वहिनी,
राजेश्वरी
(कै. अमृत यांची पत्नी. हे असं मी आज पहिल्यांदाच लिहिलं.)