चार बोटं रुंद दमणी

बाबा, परवा तुमच्या नातवाने मला नागपुरात एक गाडी पाहायला नेलं. गाडी म्हणजे मोटारीच्या मागे जोडायचं, चाकांवरचं आख्खं घर. आत पलंग, गॅसची शेगडी, फ्रीज, खिडक्यांना मखमली पडदे. त्याला आणि सुनेला देश फिरायचा आहे म्हणे, आणि मलाही बरोबर न्यायचं आहे. विकणारा माणूस दिव्यांचे रंग बदलून दाखवत होता आणि आमचे चिरंजीव माना डोलवत होते. मी चपला काढल्या, त्या पलंगावर सरळ उताणी निजले आणि म्हटलं, "आता चालवून दाखवा." तो हसला. "आजी, निजून कोणी गाडी पाहतं का?" मी म्हटलं, "आमचे बाबा पाहत." एवढं बोलले आणि मला रडूच फुटलं. मुलाला वाटलं, आईला गाडी पसंत नाही. घरी आल्यापासून तुम्हाला लिहायचं मनात घोळतंय. आज बसले.

आई धानाच्या तणसीच्या ढिगावरून पडली त्याला तेव्हा दोन वर्षं होत आली होती. मी मॅट्रिकची परीक्षा देऊन घरी बसले होते. आईची पाठ काही केल्या सुधारत नव्हती. आडवी असली की ठीक, बसली की कळ मस्तकात जायची. त्यात एकोडीहून, आईच्या माहेराहून निरोप आला की मावशीचं लग्न ठरलं. मावशीला आईनेच कडेवर घेऊन वाढवलेलं, त्यामुळे हे लग्न तिच्या दृष्टीने पोटच्या पोरीचंच. डॉक्टर म्हणाले, बसवायचं नाही आणि दचका लागू द्यायचा नाही. म्हणजे एसटी गेली, आणि आपली धान वाहायची खाचर तर दगड दिसला की उडी मारणारी. आईने भिंतीकडे तोंड केलं. "तुमी जाऊन या. मी अथूनच अक्षता टाकीन." तुम्ही जेवत होतात, घास तसाच ठेवून म्हणालात, "काहून? तू आडवी जाशील, पन जाशील." झालं, तुमचं सुरू झालं. दमणीच पाहिजे, छपराची, माणसं न्यायची, आणि तीही अशी की आतल्या माणसाला रस्ता कळता कामा नये.

काय ते दिवस बाबा! उन्हातान्हात तुम्ही पुढे आणि मी मागे. आपल्या करडीच्या आसपासच्या गावांत जिथे म्हणून दमणी होती तिथे आपण गेलो. तुम्ही चाकाची एकेक आरी बोटाने वाजवून पाहायचात, बैलाच्या मानेवर किती भार येतो ते स्वतः जू उचलून पाहायचात, आणि शेवटी धोतर सावरून आत चढून उताणे निजायचात. मग हुकूम, "हाका!" लोकांची करमणूक व्हायची. "भाऊ, दमनी पाहून राहिले का झोपा काढून राहिले?" तुम्ही आतूनच ओरडायचात, "बसनाऱ्यानं बसून पाहावं. माही बायको निजून जानार हाये!" मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एक दमणी मागे जड म्हणून उलाळ निघाली, एकीचा तळ फळ्यांचा म्हणून नापास, एकीत तुम्हाला डाव्या कुशीवर दचका लागला. अकरा दमण्या झाल्या. मी मोजत होते, कारण लग्नाचे दिवसही मोजत होते. रोज घरी आलो की आई आपल्या तोंडाकडे पाहायची.

बारावी दमणी वैनगंगेपलीकडे, एका बड्या घरी. त्यांच्याकडे जीप आली होती म्हणून ती गोठ्यात उभी होती. बसायचा साटा सागवानी, खाली मोटारीच्या पाट्यांच्या कमानी, तळाला बाजेसारखी घट्ट विणलेली सुतळी, वर बांबूच्या तट्ट्याचं छप्पर आणि आतून निळं कापड. अशी गाडी मी जन्मात पाहिली नव्हती. तुम्ही आत निजलात, गाडी दोनदा अंगणाबाहेर जाऊन आली आणि तुमचा आवाजच येईना. मी घाबरून वाकून पाहिलं तर तुमचा डोळा लागला होता!

राहिलं होतं एकच. आपल्या पांदणीच्या चाकोऱ्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या खाचरांनी गुडघाभर खोल कापलेल्या. दोन्ही चाकं बरोबर त्यांत उतरली तरच गाडी सरळ जाते, आणि नदीपलीकडच्या गाड्यांचं माप वेगळं. म्हणून तुम्ही घरच्या चाकोऱ्यांच्या मापाची बांबूची कामटी करून घेतली होती. ती माझ्या हातात देऊन तुम्ही मालकाशी बोलत राहिलात. मी चाकांच्या मधे वाकले. कामटी चार बोटं कमी पडली. पुन्हा लावली. चारच बोटं. "बसते का वं?" तुम्ही विचारलंत. आता तुम्ही तेरावी पाहायला निघणार, हे मला दिसत होतं. मी ओरडले, "बसते बाबा!"

हे तुम्हाला मी कधीच सांगितलं नाही. आज सांगते.

दमणी विकत घेऊन आपल्या पांदणीत शिरलो मात्र, एक चाक चाकोरीत गेलं आणि दुसरं वर उंचवट्यावर चढलं. एवढी देखणी दमणी, पण एका अंगावर कललेली. लोक जमले. "काय भाऊ, निजून निजून पाहिली, चाकं नाही पाहिली का?" तुम्ही खाली उतरलात, चाकाकडे पाहिलंत, मग माझ्याकडे पाहिलंत, एकदाच. आणि लोकांना म्हणालात, "माहीच नजर चुकली." सुतार म्हणाला, लोखंडी आस भंडाऱ्याला नेऊन कापून आणावी लागेल, लग्नाआधी होणं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तुम्ही फावडं घेऊन निघालात. पांदणीतून जायचंच नाही. धान कापून बांध्या रिकाम्या पडल्या होत्या, त्यांच्यातून थेट सडकेला लागायचं. मधे सात धुरे, शेताशेतांमधले मातीचे बांध. शेजाऱ्याचा धुरा कापणं म्हणजे आपल्याकडे डोकी फुटायची गोष्ट, आणि तुम्ही दारोदार जाऊन तेच मागत होतात. पाणी पडायच्या आत पहिल्यासारखा बांधून देतो, एवढंच बोलणं. सहा जणांनी हो म्हटलं. सातवा तुमचा तो जुना वैरी, याच धुऱ्यापायी कित्येक वर्षं तुमच्याशी न बोललेला. मी तुमच्या पाठीमागे उभी होते.

"तुहा धुरा कापू देशीन का?"

"कायले?"

"घरच्या बाईले न्यायची हाये. थे निजून जाते."

तो आत गेला आणि स्वतःचंच फावडं घेऊन आला. "तू नोको कापू. तू वाकडा कापतेस. मी कापतो."

आई निघाली ती सकाळ माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. खाली गोधड्या, डोक्याशी पाण्याचा तांब्या, मी दमणीला धरून चालते आहे. प्रत्येक धुऱ्यापाशी त्या त्या बांधीचा मालक उभा, चाकाला हात लावून अलगद उतरवतोय. पांदणीत हसलेलेच सगळे. आईने दोन वर्षांत घराबाहेरचं आभाळ पाहिलं नव्हतं. सडकेला लागलो तशी ती आतून म्हणाली, "जरा जोरानं हाका ना. लगन का आपल्यासाठी थांबते?" तुम्ही असे हसलात की बैल बुजले. मग पागोट्याच्या शेवाने डोळे पुसत राहिलात. एकोडीच्या मांडवात आईची बाज अगदी पुढे होती आणि तिच्या अक्षता नवरानवरीच्या डोक्यावर पडल्या.

मृगाच्या आधी आपण दोघांनी सातही धुरे बांधले. तुम्ही पायाने माती चोपत होतात, मी घमेल्याने वाहत होते. तिसऱ्या धुऱ्यावर मी धीर केला. "बाबा, त्या दिवशी ते माप..." तुम्ही मान वर केली नाहीत. "माती दे अकडं. पानी यायच्या आत झालं पायजे." पुढे मी लग्न होऊन जवाहरनगरच्या क्वार्टरात आले. तुम्ही नव्या धानाचे पोहे घेऊन यायचात, तासन्‌तास बसायचात, आणि दरवेळी मी ठरवायचे की आज सांगायचं. मग चहा व्हायचा, तुमची बस यायची. एका वर्षी पोहे आले नाहीत, तुम्ही गेल्याचा निरोप आला. आई त्यानंतर कितीतरी वर्षं जगली, पुढे काठीने चालायलाही लागली. तिलाही मी सांगितलं नाही.

आज माफी मागायची म्हणून कागद घेतला होता. हे पाठवायचं कुठे, तो प्रश्नच नाही. घडी करून कपाटात ठेवीन. पण इथवर लिहून आले तरी तो शब्द काही उमटत नाही. तुम्ही तेरावी पाहिली असती, चौदावी पाहिली असती, आणि लग्न निघून गेलं असतं. खरं सांगू का बाबा, रागवा हवं तर, पण उद्या तुम्ही मला त्या चाकांशी पुन्हा उभी केलीत, तर मी पुन्हा ओरडेन, "बसते बाबा!"