पोकुआचा अंगठा

मांपोंग, शुक्रवार, न्याहारीच्या आधी

माझ्या पाठच्या पोकुआला तिच्या तिवाअक्काचे आशीर्वाद, गेल्या पाच महिन्यांचे तुंबून राहिलेले सगळे एकदमच.

तुझे गुडघे कसे आहेत? ताकोराडीला समुद्राच्या वाऱ्याने सांधे धरतात असं ऐकते. बाफोच्या कामाचं ठीक चाललंय ना? सूनबाई रश्श्यात मिरची बेताने घालते का? (जास्त घालत असेल तर चारचौघांत बोलू नकोस, एकटीला गाठून सांग. तू चारचौघांतच बोलतेस, म्हणून लिहिलं.) रक्तदाबाची गोळी विसरू नकोस. मी रोज घेते, पण खरं सांगू, विसरले तरी हल्ली रक्त चढत नाही, कारण भांडायला घरात कोणी उरलेलंच नाही.

आता बातमी. बसून वाच. काल दुपारी माझ्या लेकीला, डुफीला, मुलगी झाली! पोकुआ, काय सांगू तुला, इतकी देखणी, इतकी काळीभोर, आणि रडते अशी की सुईण म्हणाली, ही तर बाजारात गाळा घेऊनच आली आहे. डुफी बरी आहे. मी कालपासून जमिनीवर नाही. अंगणात तीनदा नाचले, चौथ्यांदा कंबर धरली तेव्हा थांबले. गुरुवारी जन्मली म्हणून वाराचं नाव 'या' तर आपोआप झालंच, पण पुढचं नाव ठेवायचा मान बापाचा, आणि आपल्या जावयाने, त्या ओबेंगने, मला न विचारता सांगून टाकलं की नाव पोकुआ. म्हणाला, लग्नाआधी मी या घरी यायचो तेव्हा मावशींनीच मला पोटभर वाढलं, अक्का तर माझ्या चपला न्याहाळत बसायच्या. (न्याहाळत होते. फार झिजल्या होत्या.) मला राग यायला हवा होता. नाही आला. मी पदराने डोळे पुसले आणि चुलीचा धूर फार झालाय म्हणाले. चूल पेटलेलीच नव्हती.

तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. माझी शाळा तिसरीत सुटली हे तुला माहीत आहेच (तू ते त्या दिवशी अख्ख्या अंगणाला ऐकवलंस), तर अक्षराला हसू नकोस. बसवाला ओसेई उद्याच्या फेरीला हे घेऊन येईल.

त्या रविवारचं आता बोलायलाच हवं. चर्चमधून आलो, फुफू कुटायला कसाव्याचे कंद आणि हिरवी केळी उकडून तयार, मी मुसळ घेऊन उभी, तू उखळापाशी स्टुलावर, शेजारी पाण्याचा वाडगा. चाळीस वर्षं आपलं हेच. माझं मुसळ वर गेलं की तुझा ओला हात आत, गोळा उलटून बाहेर, की माझं मुसळ खाली. कधी मोजावं लागलं नाही, कधी बघावं लागलं नाही. लोक म्हणायचे, या दोघींचं फुफू डोळे मिटून ऐकावं. आणि तेवढ्यात खिडकीतल्या रेडिओवर तो बातम्यावाला बाबा बोलला की डॉलरपुढे आपला सेडी पुन्हा घसरला. झालं. तू म्हणालीस, या निवडणुकीत कंदीलवाला अध्यक्ष झाला की परदेशातून कर्ज आणील, डॉलर येतील, माल स्वस्त होईल. मी म्हणाले, शिडीवाला आला की बाहेरचा तांदूळ आणि बाहेरचे डबे बंद करील, लोक शेतातलं खातील, सेडी आपल्या पायावर उभा राहील. (तू टोमॅटोचे परदेशी डबे विकतेस, मी कसावा विकते. दोघीही देशाचाच विचार करत होतो.)

"मीठ संपलं की शेजारून आणतोच ना?" तू म्हणालीस.

"आणतो. आणि मग शेजारीणच सांगते रश्श्यात किती घालायचं!"

"तुझा शिडीवाला काय, शिडी लावून आभाळातून पेट्रोल काढणार?"

"आणि तुझा कंदीलवाला तेलाशिवाय कंदील पेटवणार?"

"अक्का, देश चालवणं म्हणजे कसाव्याची टोपली नव्हे. तिसरीतल्या डोक्याला ते झेपायचं नाही!"

मग जे झालं ते झालं. तुझा हात आत जरा रेंगाळला, माझं मुसळ जरा घाईत आलं. दोघींचंही थोडंथोडं चुकलं, असं मी सगळ्यांना सांगत आले.

दवाखान्यातसुद्धा आपण थांबलो नाही हे आठवून आता लाज वाटते. तू कण्हत होतीस आणि मधेमधे व्याजाच्या दरावर बोलत होतीस. रांगेतले निम्मे तुझ्या बाजूचे झाले, निम्मे माझ्या, आणि एक ताप आलेला म्हातारा उठून म्हणाला की तिसऱ्या उमेदवाराचं कोणी नावच घेत नाही. डॉक्टर म्हणाले, हाड शाबूत आहे, नख जाईल. आणि त्यांनी तुझ्या उजव्या अंगठ्याला दोन पट्ट्या लावून, कापूस गुंडाळून, वांग्याएवढा करून सरळ उभा बांधला.

तिथेच घात झाला. कारण कंदीलवाल्यांची खूण म्हणजे हातात कंदील धरल्यासारखी मूठ वळून पुढे करायची, आणि शिडीवाल्यांची म्हणजे अंगठा वर. तू मूठ वळायला जायचीस आणि अंगठा वरच! तू बाजारात निघालीस की शिडीवाले ट्रकवरून ओरडायचे, "वा मावशी! अशीच वर!" तू हात लपवायचीस, दुखायला लागलं की पुन्हा वर काढायचीस. एकाने तर तुझ्या गळ्यात शिडीचा रुमाल घातला. आणि तुझ्या कंदीलवाल्या बायका, ज्यांच्याबरोबर तू वीस वर्षं गाळ्यावर बसलीस, त्या कुजबुजायला लागल्या की पोकुआने बाजू बदलली. मी तेव्हा हसले. पोट धरून हसले, पोकुआ. तुझ्यासमोर.  दुखणं तू सोसलं असतंस, ते हसणं नाही सोसलंस. पुढच्या सोमवारी तू गाठोडं बांधलंस आणि मुलाकडे निघून गेलीस. तुझं नाव इथल्या यादीत, तू तिकडे. म्हणजे मतदानही हुकलं.

तेव्हापासून माझ्या उखळात कोणी हात घालत नाही. शेजारची अनिम्वा आली होती, पण लांब दांड्याचा लाकडी पळा घेऊन, आणि दर ठोक्याला डोळे गच्च मिटून देवाचं नाव घ्यायची. गोळा अर्धा जमिनीवर. मी एका हाताने कुटून दुसऱ्याने उलटून पाहिलं, तर त्यात इतक्या गुठळ्या राहिल्या की पाद्रीबाबा जेवताना म्हणाले, यात शेंगदाणे आहेत का? शेवटी डुफीने दुकानातून पुड्याचं फुफू आणलं. गरम पाण्यात ढवळायचं, बस्स. पोकुआ, त्याने भिंतीला कागद चिकटतील. रविवारी आता अंगणात आवाजच नसतो. शेजारी विचारायचे बंद झालेत.

बारसं येत्या गुरुवारी, उजाडायच्या आत. रीत तुला माहीत आहे, बाळाच्या जिभेवर आधी पाण्याचा थेंब, मग दारूचा, आणि सांगायचं की पाण्याला पाणी म्हण, दारूला दारू म्हण, जन्मभर खोटं बोलू नकोस. ओबेंगच्या घरच्यांचं म्हणणं, जिचं नाव तिनेच थेंब घालावेत. तेव्हा ये. ओसेई मंगळवारी परत निघतो, त्याच्या मागची खिडकीची जागा तुझ्यासाठी अडवून ठेवायला सांगितली आहे.

बाफोला, सूनबाईला, नातवंडांना माझा आशीर्वाद. पत्र संपलं. हात दुखला.

तुझी,
तिवाअक्का

ता. क. एक राहिलं. तुझा कंदीलवाला जिंकला, लाखो मतांनी. कोणाला सांगू नकोस, पण त्यात माझंही एक आहे. आत गेले, शाई लावलेला अंगठा शिडीवर नेला आणि तुझा वांग्याएवढा अंगठा डोळ्यांसमोर आला. म्हटलं, हिचं मत मी हुकवलं, आता मीच भरून देते. आता सेडी पडला की माझे कसावावाले कंदिलाला मत देणाऱ्यांना शिव्या देतात, त्या मलाही लागतात, त्यांना माहीत नसताना. आणि तुझे डबे अजून महागच आहेत.

ता. क. परत. वर लिहिलेलं सगळं आत्ता वाचून पाहिलं, तर एक ओळ पाण्याला दारू म्हणणारी आहे. तुझा हात रेंगाळला नव्हता. तू चाळीस वर्षांत कधी रेंगाळली नाहीस. तू तिसरीचं बोललीस आणि मी उत्तर सुचेना म्हणून मुसळच आपटलं, हात आत आहे हे न बघता. हे मी बाळाच्या जिभेवर थेंब पडायच्या आत अंगणात सगळ्यांसमोर बोलणार आहे. तू आलीस तरी, नाही आलीस तरी.

ता. क. आता खरोखर शेवटचं. उखळ घासून उन्हात ठेवलं आहे. बारशाच्या जेवणाला पुड्याचं फुफू वाढायचं माझ्या जिवावर येतं. अंगठा अजून दुखत असेल तर उभी राहा, मुसळ दोन्ही हातांनी धर. स्टुलावर मी बसेन, हात मी घालेन. रेडिओ लावून ठेवते. तुला हवं ते बोल.