खाणीतल्या पाण्यातले दोन पत्रे

ताएबेक, १२ नोव्हेंबर

दादाला यंग-हेचा नमस्कार,

मी बरी आहे. आईने मुरवून दिलेली मुळ्याची किमची अजून पुरतेय. तुझा गुडघा थंडीत ठणकतो का? खरं सांग.

खाणीतला पंप फुटून तू जायबंदी झालास, तेव्हा मुकादम ग्वाक म्हणाला होता, "दोंग-सू पंप नीट घासत नव्हता." तू तर त्याच्याच हुकमाने लोखंडी ब्रशने घासायचास. म्हणूनच मी याच खाणीत पंप तपासनीसाची नोकरी धरली.

खाणीच्या खारट पाण्यात मी पंपाच्याच जातीच्या स्टेनलेस स्टीलचे दोन पत्रे तीन महिने टांगले. एक लोखंडी ब्रशने घासायचे, दुसरा नायलॉनच्या ब्रशने घासून गोड्या पाण्याने धुवायचे. मागच्या सोमवारी सगळ्या कामगारांसमोर दोन्ही ग्वाकपुढे ठेवले. पहिल्यावर तांबडे डाग आणि बारीक भोकं होती, दुसरा लखलखीत होता.

"लोखंडाचे कण चिकटले की स्टीलही गंजतं. आता चूक कुणाची ते सांगा, मुकादम."

"माझी," तो पुटपुटला.

"मोठ्याने बोला. मागे ऐकू आलं नाही."

त्याने पुन्हा सांगितलं. मला दया आली नाही, दादा.

त्या दिवसापासून पंप तोच धुतो, गुडघे टेकून, आणि तपासते मी. अजून एकदाही मी ठीक म्हटलेलं नाही.

आईला फक्त किमचीचं वाचून दाखव.

तुझी,
यंग-हे