वॅटवर कँथल, तापमानावर स्टील

मंगळवार, ५ मार्च २०१९
उद्यापासून ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवास, म्हणून आज पॅनकेक झाले, लिंबू-साखर झाली. मग क्लेमच्या वेपची, त्या विजेवरच्या सिगारेटची, कॉइल गुंडाळायला बसले. स्टीलची तार, सात वेढे, मध्ये कापूस. ट्रॉलरवरच्या थंडीनं त्याची बोटं कधीच कामातून गेलीत, म्हणून हे काम माझं.

गुंडाळताना सिस्टर अल्फॉन्ससची गोष्ट निघतेच. शाळेतली आमची नन, तिनंच रफू शिकवलं – वेढ्याला वेढा चिकटला पाहिजे, मुलींनो! क्लेमनं विचारलं, "आणि उपवासाचं काय सांगायची ती?" सांगितलं – आवडीचं जे सोडाल ते कुणाला सांगू नका, सांगितलंत की फुकट गेलं. तो हसला. "मग तू यंदा काय सोडणार ते विचारत नाही, बाईसाहेब!" स्वतः लग्नानंतर चाळीस वर्षांत चर्चची पायरी चढला नाही.

यंत्र त्याच्या हातात दिलं तेव्हा त्यावरचा ओढींचा आकडा ९,४१७ होता; बटण दाबलं की एक वाढतो. लिहून ठेवते, कॉइल किती टिकते ते कळतं.

बुधवार, ६ मार्च
राखेचा बुधवार. चर्चमधून कपाळाला राख लावून आले. क्लेम म्हणाला, "धुराडं साफ करून आलीस वाटतं!"

रविवार, १० मार्च
"जळका वास येतोय गं," क्लेम म्हणाला. कापूस बदलला. स्टील तापमानावर चालतं, २१० अंश. तसंच ठेवलं होतं.

मंगळवार, १२ मार्च
पुन्हा जळका! डॅरेनच्या वेपच्या दुकानात गेले. म्हणाला, "ऊनामावशी, कॉइल गार असताना मोजलीत ना? गरम असताना 'नवी कॉइल' दाबलं, तर यंत्राला वाटतं हाच तिचा गार असतानाचा आकडा. मग ते भलतंच तापवतं." गारच मोजली होती – अर्धा ओहम. मग शंका आली की तार तरी स्टीलचीच आहे का? डब्यातल्या रिळांच्या चिठ्ठ्या मीच एकदा फाडून टाकल्या होत्या, आवराआवर करताना. डॅरेननं चुंबक दिलं. कँथलची तार चिकटते, निकेलची चिकटते, ही स्टीलची चिकटत नाही. घरी येऊन लावून पाहिलं – स्टीलच.

तरी कँथलची कॉइल केली. ती तापली तरी तिचा ओहम फारसा हलत नाही, म्हणून तापमानाचं तिला काही कळत नाही. वॅटवरच चालवायची. चौदा ठेवले. पाच वेळा बटण दाबून बघितलं, छान लाल झाली.

गुरुवार, १४ मार्च
"जळका."

मी खरं लिहू? मला तारेची काळजी नाही. तीन वर्षांपूर्वी छातीचे डॉक्टर स्पष्ट बोलले होते – पुन्हा सिगारेट धरलीत तर मला भेटायला येऊ नका, पाद्रीबाबांना बोलवा. माणसाला वेप जळका लागला की तो कुठे वळतो? त्याच्या कोटाच्या खिशांचा वास घेतला. पेपरमिंट. पेपरमिंट कशाला?

शनिवार, १६ मार्च
पुन्हा स्टील, २०० अंशांवर. सहा वेळा बटण दाबलं. तो समोर बसून बघत होता. म्हणाला, "सिस्टरच्या पट्टीची गोष्ट सांग ना, बोटांवर मारायची ती." तीनदा ऐकलेली!

सोमवार, १८ मार्च
छातीची तपासणी. सिगारेटच्या धुराचा वायू मोजणाऱ्या नळीत नर्सनं फुंकायला लावलं. मी खुर्चीचा दांडा धरून बसले होते. "दोन!" ती म्हणाली. "सिगारेटचा पत्ताच नाही, क्लेमदादा. माझ्यापेक्षा स्वच्छ आहात." क्लेम छताकडे बघत होता. बसमध्ये पेपरमिंट चघळत होता.

मंगळवार, १९ मार्च
तो बागेत असताना यंत्र उघडून पाहिलं. आकडा ९,४२८.

९,४१७ आणि माझ्या चाचणीच्या अकरा दाबण्या. बस. राखेच्या बुधवारपासून त्याची एकही नाही.

बुधवार, २० मार्च
चहाला बसल्यावर म्हणाला, "ऊना, परत जळका." विचारलं तर त्याचं सोडणं फुकट जाईल. डबा आणला. सात वेढे, सावकाश. आणि पट्टीची गोष्ट.