बाजूला टाकलेलं पान

प्रिय लोरीन,

तू ह्यूस्टनला परत गेल्यावर मी तुझ्या वडिलांच्या घराचे नळ बंद केले आणि कुत्रीला माझ्याकडे आणलं. खाते बरी, पण दिवसभर दाराकडे तोंड करून बसते. हार्लनला जाऊन उद्या तीन आठवडे होतील.

रॉस्कोच्या सलूनमागच्या खोलीत आम्ही बावीस वर्षं दर शनिवारी दुपारी पोकर खेळलो. चांगली पानं आली की तुझे वडील तिथल्या तिथे डाव वाढवायचे. "पळा रे, माझ्याकडे खरंच आहेत!" असं वर ओरडून सांगायचे, तरी कुणीतरी हटकून अडकायचं. माझं उलटं. पानं जितकी भारी, तितका मी गप्प. 'पास' म्हणायचं, म्हणजे पैसे न लावता पाळी पुढे द्यायची, आणि समोरच्याला आत येऊ द्यायचं. "डेल्बर्ट पास म्हणाला की मला घामच फुटतो," असं रॉस्को म्हणायचा. तुझे वडील चिडायचे. "अरे डेल, चांगली पानं दाबून काय अंडी उबवतोस? लाव की! फुकटात पुढचं पान दाखवलंस तर कुणीही मारेल तुला."

गेल्या ऑक्टोबरात तेच झालं. माझ्या हातात दोन राण्या, टेबलावर सगळ्यांसाठी उघडलेली राणी, अठ्ठी आणि चव्वी. तीन राण्या झाल्या, लोरीन. मी पास म्हणालो. समोर फक्त तुझे वडील उरले होते. पानं वाटायची पाळीही त्यांचीच होती. तेही पास म्हणाले आणि त्यांनी पुढचं पान उघडलं. पंजी. मी तेव्हाही पास म्हणालो. त्यांनी पैसे लावले, मग मी होतं नव्हतं ते सगळं पुढे सरकवलं, आणि त्यांनीही तेवढेच लावले. शेवटचं पान कुणाच्याच कामाचं नव्हतं. त्यांच्याकडे छक्की आणि सत्ती होती. चव्वीपासून अठ्ठीपर्यंत सलग पाच पानं, माझ्या तीन राण्यांवर भारी. "आधीच लावले असतेस तर मी केव्हाच पानं टाकली असती, बाबा!" ते हसत म्हणाले.

सगळे हसले. मला ते सहन झालं नाही.

आमच्याकडे नवं पान उघडण्याआधी गड्डीतलं वरचं पान उलटंच बाजूला टाकतात, म्हणजे वाटणाऱ्याला काही हातचलाखी करता येऊ नये. मी अगदी हळू आवाजात विचारलं, "हार्लन, वरचं पान बाजूला टाकलंस ना?" एवढंच. सगळे त्यांच्या हातातल्या गड्डीकडे बघू लागले.  तुझ्या वडिलांनी जिंकलेल्या पैशांच्या चकत्या टेबलाच्या मध्यभागी ढकलल्या, टोपी घेतली आणि गेले. परत कधी आले नाहीत. सलूनमधली गोष्ट गावभर व्हायला किती वेळ लागतो? नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणापर्यंत तर चर्चच्या पायऱ्यांवरही लोक त्यांच्याशी जपून बोलू लागले होते. मी रोज त्यांच्या घरावरून गाडी नेत होतो. एकदाही थांबलो नाही.

दफन झाल्यावर तू मला बाजूला घेऊन विचारलंस, "काका, बाबांनी खरंच पत्ते लावले होते का?" मी खाली बघितलं आणि तुझा खांदा थोपटला. तू त्याचा अर्थ काय घेतलास ते मला तुझ्या चेहऱ्यावर दिसलं, तरी मी गप्प राहिलो. म्हणून हे पत्र. त्यांनी पान बाजूला टाकलं होतं. मी ते माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि पाहूनही मुद्दाम विचारलं होतं. हेच सगळं दुसऱ्या कागदावर लिहून आज सकाळी रॉस्कोच्या आरशावर चिकटवलं. दुकान भरलेलं होतं. सगळ्यांचं वाचून होईपर्यंत मी तिथेच उभा राहिलो.

तुझाच म्हणवून घ्यायची लाज वाटणारा,
डेल्बर्ट काका